दुसऱ्याची गाडी मोडण्याची सभ्य पद्धत

तुमच्या गाडीच्या आड कुणाची स्कूटर आली, तर मालकाला हाक मारण्याचा मागासलेपणा करू नका. हँडल लॉक असलं तरी खेचा. कट्कन आवाज आला की समजा, वाट मोकळी झाली. इंडिकेटर पिवळ्या वायरीला लोंबकळू लागला तर तिकडे बघूच नका.

पकडले गेलात तर मंत्र एकच: "मुद्दाम नाही केलं हो!"

आमच्या भांडुपच्या सोसायटीत हा मंत्र परवाच सिद्ध झाला. माझी स्कूटर मोडून शेजाऱ्यांनी तो म्हटला, सेक्रेटरींनी मान डोलावली, आणि चौकीतल्या साहेबांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहिता लिहिता मलाच समजावलं, "त्यांचा हेतू गाडी काढायचा होता, तुमचं नुकसान करायचा नव्हता."

फक्त भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ कुणाला वाचू देऊ नका. जुन्या दंड संहितेतलं ४२५, 'आगळीक', म्हणजे मालमत्तेचं नुकसान करण्याचा गुन्हा. त्यात हेतू आहेच, पण पुढे एक 'किंवा'ही आहे: नुकसान होण्याचा संभव आहे हे माहीत असून केलं, तरी गुन्हाच. हेतू गाडी काढायचा असेना का! लॉक केलेलं हँडल हिसडलं की मोडतं, हे ज्याला कळत नाही त्याला लायसन्स दिलं कुणी? आणि मनात काय होतं ते कृतीवरूनच ओळखायचं असतं ना? सीसीटीव्हीत हे गृहस्थ आधी गेटकडे बघतात, मग वर आमच्या खिडकीकडे, मग खेचतात. चुकून खेचणारा माणूस आधी खिडकी बघतो? पाय घसरून धक्का लागला असता तर मीच चहा पाजला असता. निव्वळ अपघाताला कायदाही गुन्हा म्हणत नाही.

'लिफ्टमध्ये माझाही वाटा आहे' म्हणून तिचा आरसा फोडू नका. सामाईक मालमत्तेचीही आगळीक होते.

दारूचं निमित्त नको. हौसेने ढोसली असेल, तर शुद्धीतल्या माणसाला जे कळतं ते तुम्हालाही कळत होतं, असंच धरतात.

नुकसान मात्र २०,००० रुपयांच्या आत ठेवा. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिवाय अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. २०,००० पासून दोन वर्षांपर्यंत, लाखापासून पुढे पाच. माझं बिल ४,२०० आलं. शेजाऱ्यांचा हिशेब पक्का!

पण पुरे झाली ही सभ्यता. अहो शेजारी, माझी किल्ली कुठे असते हे तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात वहिनींना दवाखान्यात न्यायला हीच स्कूटर नेली होतीत ना? तेव्हा बरोबर दार वाजवता आलं! आणि आता पैसे द्यायचं सोडून सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकता? बिल तुमच्या दाराखालून सरकवलंय, ते भरा. नाही भरलंत तर सोमवारी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणार आहे. तुम्हाला काय काय माहीत नव्हतं, ते तिथे सांगा.