"कोर्टाची ऑर्डर आणा, मग बघू"

घरातला माणूस आठ-दहा दिवस झोपत नाही, ताट भिरकावतो, रात्री-अपरात्री शेताकडे निघून जातो. त्याला मनोरुग्णालयात दाखल करायचं म्हटलं की जळगाव-धुळे-नंदुरबारात अशा घराला पहिला सल्ला मिळतो तो वरचाच. हा सल्ला कालबाह्य झाला आहे. १९८७च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, त्यातला एक सरकारी डॉक्टरचा, आणि मग रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे दाखल करून घ्यायचा हुकूम, अशी रीत होती. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८मध्ये लागू झाला आणि ही रीत गेली. लोकांच्या, आणि खरं सांगायचं तर काही वकिलांच्याही, डोक्यातून मात्र ती गेलेली नाही.

आता पेशंट स्वतः तयार नसेल तर कलम ८९. अर्ज करायचा नामनिर्देशित प्रतिनिधीने. पेशंटने आधी साध्या कागदावर कुणाचं नाव लिहून दिलं असेल तर तो, नसेल तर नातेवाईक. दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं: एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा साधा डॉक्टर. तपासणी दाखल करायच्या दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. दाखल ठेवायची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. हॉस्पिटलने पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे दाखल करणं योग्य आहे का ते बघणाऱ्या मंडळाला, ७ दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. यात कोर्ट कुठेही नाही.

कागद अडतो तो दाखल्याच्या मजकुरावर. "रुग्ण भ्रमिष्ट वागतो, उपचारांची गरज आहे" एवढ्याने भागत नाही. अलीकडे स्वतःला इजा केली किंवा तशी धमकी दिली, दुसऱ्यावर हात उचलला किंवा त्याला धास्ती वाटेल असं वागला, की अपाय होण्याचा धोका येईल इतकी स्वतःची काळजी घेणं सुटलं, यातलं काय घडलं ते दाखल्यात यायला हवं. म्हणून घरच्यांनी डॉक्टरकडे जाताना वहीच्या पानावर तारखा लिहून न्याव्यात. कोणत्या दिवशी विहिरीकडे धावला, किती दिवस जेवला नाही. "लई त्रास देतो" यावरून दाखला बनत नाही.

दुसरा सापळा घरी आणल्यावरचा. डिस्चार्जनंतर ७ दिवसांच्या आत पेशंट पुन्हा बिघडला तर त्याला कलम ८९खाली परत घेता येत नाही. मग कलम ९०, आणि त्याला दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात. धडगाव-मोलगीकडच्या माणसाने दोघं कुठून आणायचे? हे कलम लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर सातपुडा नव्हता, एवढं नक्की. ३० दिवसांपुढे ठेवायचं तरी हेच कलम, आणि मंडळाने २१ दिवसांत होय-नाही सांगायचं.

मॅजिस्ट्रेटचं काम उरलं ते कलम १०१ आणि १०२मध्ये. मळ्यातल्या खोलीत कुणाला साखळीने बांधून ठेवलंय, खायला-प्यायला कुणी बघत नाही, असं कळलं तर कोणीही पोलिसांना सांगू शकतं आणि पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. मॅजिस्ट्रेट सरकारी ठिकाणी तपासणी-उपचारासाठी पाठवू शकतात किंवा तपासणीपुरतं १० दिवसांपर्यंत दाखल करायला सांगू शकतात. दहा दिवसांनी डॉक्टरांचा अहवाल, पुढचं कायद्याप्रमाणे. काही ऑर्डरींत मात्र अजून "बरा होईपर्यंत ठेवावे" छापाचं वाक्य येतं. मुदत नसल्याने हॉस्पिटल घाबरून सोडत नाही, घरचे न्यायला येत नाहीत, माणूस अडकतो. अशा ऑर्डरचा छापील नमुना असावा: कोणतं रुग्णालय, नेणार कोण, दहावा दिवस कोणत्या तारखेला येतो, अहवाल कुणाकडे. एक पान पुरतं.

खरा प्रश्न मंडळाचा. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाचे, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर, आणि आजारातून गेलेले, काळजीवाहक किंवा संस्थांचे लोक. रचना मॅजिस्ट्रेटपेक्षा चांगलीच आहे. पण कायदा मंडळ एका जिल्ह्यासाठी "किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी" नेमू देतो, आणि सगळी गोम त्या "किंवा"त आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं. खानदेशात एकही नाही. जळगावहून ठाण्याला जा नाहीतर नागपूरला, चारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सुनावणीही तितकीच दूर झाली तर तक्रार करणार कोण?

म्हणून मागणी साधी आहे. तिन्ही जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मंडळाने ठरलेल्या वारी तिथेच बसावं. कलम ९०च्या दुसऱ्या तपासणीसाठी तिन्ही ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांची पाळी लावावी. व्हिडिओवर सुनावणी चालेल, पण पेशंटशेजारी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बसलेला हवा; मोफत वकील हा कलम २७ने दिलेला हक्क आहे. आणि दुभाषा हवा. "माले काही व्हयेल नही" हे अहिराणी जळगावच्या माणसाला कळेल, पण सातपुड्यातली आदिवासी बोली पावरी बोलणाऱ्या बाईचं म्हणणं फायलीत "रुग्ण सहकार्य करत नाही" असं उतरायला वेळ लागत नाही.

रात्री दोन वाजता यातलं काहीच उघडं नसतं. तेव्हा कलम ९४ लक्षात ठेवा. जिवाला धोका असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला नोंदणीकृत डॉक्टरही, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो आणि पुढे पाठवू शकतो. तिथे कुणी ऑर्डर मागितली तर कलमाचा आकडा सांगा. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.