सिडिलफडीचा दगड आणि त्याच्यावरची नावं

परवा रविवारी बदामीला जाऊन आलो. दोन दिवस झाले एक गोष्ट डोक्यातनं जाईना म्हणून लिहायलोय, जरा लांब होईल, पण बेळगावकरांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं बदामी म्हटलं की गुहा बघायच्या, तळ्यावर फोटो काढायचे, बनशंकरीला बायका कडक भाकरी नि शेंगाची चटणी घेऊन बसतात तिथं जेवायचं आणि संध्याकाळी परत. मीपण चार-पाच वेळा असाच जाऊन आलोय. ह्या वेळी भाच्याला घेतलं, आठवीत हाय, आणि ठरवलं की गुहा नंतर, आधी सिडिलफडीला, म्हणजे बदामीजवळच्या जुनी चित्रं असलेल्या दगडी छताला, चालत जायचं. पहाटे चारला निघालो, यरगट्टी, रामदुर्ग करत पोचलो. गावातल्याच एका माणसाला वाट दाखवायला सोबत घेतलं, कारण वर गेल्यावर सगळीकडं सारखाच लाल दगड आणि काटेरी झुडपं, वाट चुकायला वेळ लागत नाही. वाळवंट नव्हे हे, पण ऊन वर आल्यावर दगड असा तापतोय की बसायला सावली शोधावी लागते.

सगळा हा वाळूचा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्यानं आणलेली वाळू थरावर थर बसून घट्ट झाली, तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं की जनावर नव्हतं. एका फरशीवर तर लाटांच्या सुरकुत्या अजून तशाच आहेत, नदीकाठच्या ओल्या वाळूत दिसतात तशा. भाचा त्याच्यावर हात फिरवत बसला, "मामा, पाणी आत्ताच गेल्यासारखं वाटतंय की." दगडाला उभ्या भेगा, त्यात पाणी शिरतं, कण सुटतात, आणि मग कुठं नुसता खांब उरतोय, कुठं नुसतं छत. सिडिलफडी म्हणजे तसं छतच, वर भोकं, खाली उभं राहिलं की त्यातनं आभाळ दिसतंय. कानडीत सिडिलु म्हणजे वीज, वीज पडून ही भोकं पडली असं लोक सांगतात.

ह्याच छताखाली भिंतीवर इतिहासपूर्व काळातल्या माणसांनी काढलेली चित्रं आहेत, लाल रंगात, माणसं आणि जनावरं. फिकट झालीत, नीट बघितलं तर दिसतात. आणि त्यांच्या आजूबाजूला काय, तर नावं. बाण मारलेलं बदाम, तारखा, मराठीत, कानडीत, इंग्लिशमध्ये. एका कोपऱ्यात चूल पेटवलेली, वर काजळी. आम्ही असतानाच तीन-चार कॉलेजची पोरं आली आणि फोटोत रंग उठून दिसावा म्हणून एकानं बाटलीतलं पाणी चित्रावर मारलं. मी ओरडलोच. कानडीत सांगितलं की पाण्यानं दोन मिनिटं रंग खुलतोय खरं, पण दरवेळी थोडा थोडा धुऊन जातोय, आणि पाण्यातले क्षार दगडावर बसून पांढरा थर धरतोय. पोरं वाईट नव्हती, गप झाली, एकजण तर सॉरी काका म्हणाला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मला खरं हलवलं ते पुढं. परतीच्या वाटेवर मागं बघतोय तर आमचा भाचा टोकदार खडा घेऊन दगडावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढायलाय. आमच्या घरचं पोर! त्याच्या दृष्टीनं नावं तर सगळीकडं होतीच. त्याला मारलं नाही, तिथंच बसवलं. म्हटलं, हा दगड कोरता येण्यासारखा म्हणून चालुक्यांना लेणी खोदता आली, तीन नंबरच्या लेण्यात शके ५०० म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे, चौदाशे वर्षं झाली तरी वाचता येतोय. म्हणजे तू आज काढलेला ओरखडापण तेवढाच टिकणार बघ. त्यानं खडा खाली टाकला आणि बोटानं ते अक्षर पुसायला लागला. पुसलं जात नव्हतं.

माझं एवढंच म्हणणं आहे, गडावर चला, गुहेला चला म्हणून पोरांना नेतो तेव्हा घरातनं निघतानाच सांगा की दगडाला हात लावून बघायचं, पण काही लिहायचं नाही, चित्राला तर हातपण नाही, पाणी नाही, चूल नाही. शाळांच्या ट्रिपा जातात, मास्तरांनी बसमध्येच सांगावं. आणि तळ्याजवळच्या म्युझियममध्ये सिडिलफडीचं मॉडेल ठेवलंय, वर जायच्या आधी पोरांना ते दाखवा. आम्ही उलटं केलं, आधी वर जाऊन मग खाली बघितलं. भाचा मॉडेलसमोर बराच वेळ उभा होता, म्हणाला, "मामा, ह्याच्यावर नावं नाहीत."

जाणार असाल तर माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि लवकर निघा, अकरानंतर दगड सोसत नाही.