भाऊजी, दिसतंय का?

ब्रॅम्प्टनमध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून कांदेपोहे खाणाऱ्या एका गृहस्थांनी मला मुंबईत, मी पैसे मोजून मिळवलेल्या जागेवरून, अर्धा फूट डावीकडे सरकायला लावले आणि मी निमूटपणे सरकलो, ही गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्यातही चीड आणणारा भाग असा की, ज्या इंटरनेटमुळे माझे डोके आड येत असल्याचे त्यांना कॅनडात दिसले, ते इंटरनेट माझे होते.

निमित्त होते ब्रायन ॲडम्सच्या कार्यक्रमाचे. १३ डिसेंबर २०२४ चा शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुलातले मैदान, आणि कोलकाता, शिलाँग, गुरुग्राम असे करत मुंबईला आलेला पासष्ट वर्षांचा गायक. संध्याकाळच्या त्या वाहतुकीतून मी तिथे कसा पोहोचलो, हे मुंबईकरांना सांगायची गरज नाही आणि मुंबईबाहेरच्यांना ते सांगून पटणार नाही. ज्या गायकाचे ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’ हे गाणे १९८४ साली ‘रेकलेस’ या अल्बममध्ये आले आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार हाती लागलेल्या पहिल्या मुलाने ते वाजवलेच, त्याला प्रत्यक्ष ऐकण्यासाठी थोडी धक्काबुक्की सोसायची माझी तयारी होती. गाण्यातल्या त्या उन्हाळ्यात हा माणूस स्वतः अवघा नऊ वर्षांचा होता आणि आम्ही तर जन्मलोही नव्हतो. तरीही त्या उन्हाळ्याच्या आठवणीने गळा दाटून येणारे हजारो लोक माझ्या आजूबाजूला उभे होते. उभे म्हणजे खरोखरच उभे. माझ्या तिकिटात खुर्ची नव्हती, आणि चाळिशी उलटलेल्या गुडघ्यांना ही गोष्ट पहिल्या गाण्यापूर्वीच कळून चुकली होती.

माझ्या उजव्या हाताला डोंबिवलीहून आलेले एक जोडपे होते. ते डोंबिवलीचे आहेत हे मी विचारले नव्हते, त्यांनी सांगितले. मी कोणाला तरी ‘जरा सरका’ म्हणालो, तेवढ्यावरून गृहस्थांनी मला ओळखले. “मराठी ना? वाटलंच. आपली माणसं दिसली की बरं वाटतं.” एवढे बोलून त्यांनी हातातल्या चिकन रोलचा घास घेतला आणि मला माहिती पुरवली की, ब्रायन पूर्ण शाकाहारी आहे, इतका की दूधसुद्धा घेत नाही. माहिती खरी आहे. ती त्या रोलच्या मागून आल्यामुळे तिचा प्रभाव जरा कमी झाला, इतकेच. पत्नी मात्र काही बोलत नव्हत्या. त्या टाचा उंचावून स्टेजकडे पाहत होत्या, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आले की, त्यांना प्रत्येक गाणे शब्दन्‌शब्द पाठ आहे. त्या दोघांतले खरे चाहते कोण, याचा निकाल पहिल्या पाच मिनिटांतच लागला होता. गृहस्थांचा कार्यक्रम वेगळाच होता.

त्यांचे साडू ब्रॅम्प्टनला राहतात. हे साडू गेली वीस वर्षे प्रत्येक दिवाळीत फोन करून ‘तुमच्याकडे काय आहे?’ असे विचारतात, आणि यंदा प्रथमच डोंबिवलीकडे त्यांना दाखवण्यासारखे काहीतरी आले होते. कॅनडाचा गायक मुंबईत गातो आहे आणि कॅनडातला साडू घरी बसला आहे, हा योग वाया घालवणे त्यांना परवडणारे नव्हते. दोन्ही घरांच्या इतिहासाची कल्पना असलेला कोणीही मराठी माणूस त्यांना दोष देणार नाही. साडू हे नातेच असे आहे, की त्यात कोणी कोणाचे काही लागत नाही आणि तरीही एकमेकांनी घेतलेली गाडी दोघांच्याही जिव्हारी लागते.

अडचण एवढीच होती की, त्यांच्या फोनला रेंज नव्हती. एका मैदानात इतकी माणसे एकाच वेळी फोन बाहेर काढतात तेव्हा जवळचा टॉवर माना टाकतो, आणि ज्या कंपनीचे ग्राहक सर्वांत जास्त तिचा टॉवर सर्वांत आधी. माझ्या दुसऱ्या सिमकार्डाची कंपनी इतकी अभागी आहे, की त्या गर्दीत तिचा ग्राहक बहुधा मी एकटाच असेन, त्यामुळे माझा फोन व्यवस्थित चालू होता. हे त्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिले.

“साहेब, हॉटस्पॉट देता का? दोनच मिनिटं.”

महाराष्ट्रात ‘दोन मिनिटं’ म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे. पण आपली माणसे दिसली की बरे वाटते, असे त्यांनी आधीच म्हणून ठेवले होते. मी हॉटस्पॉट सुरू केला. पासवर्ड सांगण्याचा क्षण आला तेव्हा नेमके ढोल आणि गिटार थांबले होते, आणि त्या शांततेत माझ्या गावाचे नाव, त्यानंतर माझ्या पहिल्या मोटारसायकलचा नंबर, मी मोठ्याने दोनदा उच्चारला. “पहिलं अक्षर कॅपिटल का?” त्यांनी विचारले. “कॅपिटल,” मी ओरडलो. काही वेळाने पाहिले तेव्हा माझ्या फोनला चार उपकरणे जोडलेली होती. उरलेली तीन कोणाची, हे मला आजतागायत कळलेले नाही.

मुंबईत रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे ब्रॅम्प्टनमध्ये सकाळचे साडेदहा. पडद्यावर आधी एक छत दिसले, मग एक पंखा, मग पोह्यांची बशी आणि अखेर साडूंचा चेहरा. “भाऊजी, दिसतंय का?” या प्रश्नाने जो सोहळा सुरू झाला, तो पुढचा जवळजवळ तासभर चालला, आणि ‘हेवन’ हे गाणे मी आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकले तेव्हा त्याच्या जोडीला मला पुढील संवादही ऐकावा लागला.

“दिसतंय, पण मध्ये कोणाचं तरी डोकं येतंय.”

“कुठे?”

“तो निळ्या शर्टातला. त्याला जरा डावीकडे व्हायला सांग की.”

निळ्या शर्टात मी होतो. गृहस्थांनी अत्यंत अदबीने माझ्या कोपराला हात लावला. “साहेब, जरासं डावीकडे... भाऊजींना दिसत नाहीये.” मी त्यांच्याकडे पाहिले. मग पडद्यावरच्या भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी बशी खाली ठेवून मला हात केला. घरी आलेल्या पाहुण्याला हात करतात तसा तो हात होता, आणि कॅनडातून हात केल्यावर माणूस सरकणार नाही तर काय करणार?

सरकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खांद्याइतका रुंद पडदा आला. तो म्हणजे पुढच्या तरुणाचा मोबाइल. तोही चित्रीकरण करत होता. त्याच्या पुढचाही करत होता. त्या क्षणापासून मी ब्रायन ॲडम्सला बव्हंशी तीन बोटे रुंदीच्या चौकटीत पाहिले, तेही दुसऱ्याच्या, आणि त्या पडद्याच्या वरच्या बाजूला बॅटरी अकरा टक्के राहिल्याची सूचना कायम चमकत होती. गंमत अशी की, स्टेजवरचा माणूस स्वतः नावाजलेला छायाचित्रकार आहे. त्याने काढलेले राणी एलिझाबेथचे छायाचित्र कॅनडाच्या टपाल तिकिटावर छापले गेले होते. समोर हजारो लोक आपले अस्पष्ट, हललेले, लाल ठिपक्यासारखे फोटो काढत आहेत हे तिथून पाहताना त्याला काय वाटत असेल, याचा विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला, कारण गाणे ऐकू येत नव्हते. तिकिटाची ही माहिती डोंबिवलीकरांनाही होती. “भाऊजी, तुमच्या स्टॅम्पवरचा फोटो यानेच काढलाय!” ते फोनमध्ये ओरडले. “कसला स्टॅम्प?” भाऊजी म्हणाले. “आम्ही ई-मेल करतो.”

यानंतर फोन पत्नींच्या हाती देण्यात आला, कारण पलीकडे त्यांच्या ताई आल्या होत्या. पत्नींनी तो नाइलाजाने घेतला. ‘हेवन’च्या मधल्या भागात, जेव्हा मैदानभर दिवे उजळले होते आणि माझ्या शेजारचा एक दाढीवाला तरुण खरोखर डोळे पुसत होता, तेव्हा ताईंनी नाशिकच्या लग्नाला आहेर काय करायचा, हा विषय काढला. पत्नींची नजर स्टेजवर होती, ओठ गाण्याचे शब्द म्हणत होते आणि तोंडाने ‘हो ताई, बघते’ असे अधूनमधून येत होते. “अहो, बंद करा ना तो फोन,” त्या एकदा म्हणाल्या. “अगं, ते बघतायत!” हे उत्तर आले. पलीकडे ताई काही बघत नव्हत्या. भाऊजीही बघत नव्हते, कारण त्यांची मीटिंग सुरू झाली होती. “तू चालू ठेव, मी जरा म्यूट होतो,” असे सांगून ते गेले, आणि त्यानंतर पुष्कळ वेळ माझ्या इंटरनेटवरून ब्रायन ॲडम्स एका रिकाम्या खुर्चीसाठी गात होता.

आता मुद्द्याचे. आनंद वाटल्याने वाढतो, असे आपल्याला लहानपणी शिकवले गेले, पण तो कोणाच्या वाट्याचा वाटायचा हे शिकवायचे राहून गेले असावे. या माणसाने स्वतःच्या वाट्याचा आनंद वाटला असता तर माझी तक्रार नव्हती. त्याने माझा वाटला, स्वतःच्या बायकोचा वाटला, आणि स्वतःला तर काही घेतलेच नाही. त्याची पाठ अर्धा वेळ स्टेजकडे होती, कारण सेल्फी कॅमेऱ्यात भाऊजींना तो आणि ब्रायन एकत्र दिसायला हवे होते. तिकिटाच्या किमतीत आमच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता. तेवढे पैसे भरून पाठमोरा उभा राहणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला त्याचा रागही नीट येईना, कारण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. मला मात्र घाम आला होता, पायात गोळे आले होते आणि दिवसाचा नव्वद टक्के डेटा संपल्याचा संदेशही आला होता.

पण न्याय नावाची वस्तू जगात आहे. व्हिडिओ कॉलची अॅप माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून मागचा गोंगाट गाळून टाकतात, आणि त्यांच्या लेखी ढोल, गिटार व दूरच्या ध्वनिक्षेपकातून येणारे गाणे हा गोंगाटच. ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’ सुरू झाले आणि सगळे मैदान गाऊ लागले, तेव्हा डोंबिवलीकरांनीही फोन तोंडाजवळ धरून जीव तोडून सूर लावला. त्यांचा सूर हा एक स्वतंत्र विषय आहे. ॲपने बँड गाळला, ब्रायनला गाळले, हजारो प्रेक्षकांना गाळले आणि महासागर ओलांडून ब्रॅम्प्टनला फक्त यांना पोहोचवले. गाणे संपल्यावर मीटिंगमधून परतलेल्या भाऊजींचा अभिप्राय आला.

“वय झालं रे त्याचं. आवाज पार बसलाय.”

“नाही हो भाऊजी, जबरदस्त गातोय!”

“अरे, मी ऐकतोय ना इथे! बेसूर आहे. तुम्हाला तिथे कळत नसेल.”

एवढ्या तपश्चर्येचे हे फळ पाहून डोंबिवलीकरांचा चेहरा उतरला. वास्तविक तो खरखरीत आवाज पासष्टाव्या वर्षीही शाबूत आहे, वरच्या पट्टीत तो कुठे चोरून गात नाही, आणि त्याच्या शेजारी कित्येक दशके उभा असलेला कीथ स्कॉट अजूनही गिटारवर पोरासारखा उड्या मारतो. हे मला भाऊजींना सांगायचे होते. पण माझा डेटा तेव्हाच संपला.

कार्यक्रम सुटल्यावर रिक्षावाल्यांनी कुर्ला स्टेशनचे जे भाडे सांगितले ते ऐकून सगळे चालू लागले, त्यात आम्ही तिघेही होतो. वाटेत गृहस्थांनी खिशातून फोन काढला. “साहेब, भाऊजींना गाण्यांची यादी पाठवायचीय. माझं जरा लक्ष नव्हतं. कोणकोणती गायला हो?” मी सांगत गेलो: ‘रन टू यू’, ‘हेवन’, १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये सलग सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेले ‘एव्हरीथिंग आय डू’. ते लिहून घेत होते. मग मी जराही न अडखळता म्हणालो, “आणि शेवटी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’.” ते गाणे ईगल्स या दुसऱ्याच बँडचे आहे. त्यांनी तेही लिहून घेतले.

कुर्ल्याच्या पुलावर पोहोचेपर्यंत त्यांच्या फोनला रेंज आली होती आणि भाऊजींचा आवाजी संदेशही आला होता. तो त्यांनी सवयीप्रमाणे स्पीकरवर लावला. “अरे, हॉटेल कॅलिफोर्निया गायला? तेच तर माझं सगळ्यात आवडतं! तेवढंच नेमकं का नाही दाखवलंस?” गृहस्थ गोंधळून पत्नींकडे वळले. “अगं, हे कधी गायला तो?”

पत्नींनी एकवार माझ्याकडे पाहिले.

“फार सुंदर म्हटलं हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फोनमध्ये होता.”