लोड आला जी!

शिट्टी वाजवून उतरवलं मला सायकलवरून. चाळिशी उलटलेल्या माणसाला, पोरासोरांपुढे, फुर्रर्र करून. अजून कान गरम आहेत.

स्वच्छ ऊर्जेवरचं, खास मुलांसाठीचं विज्ञान संग्रहालय म्हणून भाचीला घेऊन गेलो होतो. नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ अंश, त्यामुळे आतल्या एसीचंही आकर्षण होतंच. ‘बटण दाबा आणि बघा’ असा सगळा मामला. त्यातल्या निम्म्या बटणांवर ‘बंद आहे’ची चिठ्ठी. पवनचक्की बंद, धरण कोरडं. चालू होती फक्त एक सायकल. पायडल मारा, समोरचा दिवा लावा. मुलांसाठी ठेवलेल्या त्या सायकलच्या पायडलला भाचीचे पाय काही पुरेनात, म्हणून मी बसलो.

९ वॅटचा एलईडी हसतखेळत लागला. तेवढ्यात भाचीने ६० वॅटच्या जुन्या बल्बचं बटण दाबलं आणि पायडल चिखलात रुतल्यासारखं जड झालं.

“लोड आला!” मागून कोणीतरी ओरडलं. “लोड आला जी, वाफ वाढवा!”

डोक्याला दुपट्टा, खिशाला दोन पेनं. कोराडीच्या औष्णिक केंद्रातून रिटायर झालेले काका. यांचा नातू कुठल्या तरी बंद बटणावर बुक्क्या मारत होता. काकांना मात्र बऱ्याच दिवसांनी एक चालू यंत्र सापडलं होतं.

“काऊन थांबले? टर्बाइन असं मधातच थांबते काय?”

“काका, दम लागला.”

“लागनच ना! माणूस म्हणजे किती? ७५ वॅट, तेही जेवलेला असला तर. आन् कोराडीचा मोठा संच? ६६० मेगावॅट! किती माणसं लागन?”

मी हँडलवर मान टाकली.

“८८ लाख! नागपूर किती? २०११च्या जनगणनेत २४ लाख. अख्खं नागपूर सायकलवर बसवा, बाया, लेकरं, नगरसेवक, सारे, तरी पाऊण संच बाकी राहते! आन् असे तीन संच हायेत तिथं.”

ती बाकी माझ्याच नावावर निघत असावी, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता हिशेबच काढायचा तर मीही काढतो. कोळसा विदर्भाच्या जमिनीतला, धूर नागपूरच्या उशाशी, राख कोराडी-खापरखेड्याच्या वाळत्या कपड्यांवर. वीज जाते राज्यभर. आणि ‘वीज वाचवा’चे धडे कोणाला? भर उन्हाळ्यात कूलरपुढे बसून टपकणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकणाऱ्या आम्हाला. बरं, सोलर लावा म्हणतात. त्या पॅनलची वॅट मोजतात २५ अंशांवर. इथल्या छतावर ते ६०च्या पुढे तापतं, आणि प्रत्येक अंशाला थोडं थोडं मंदावत जातं. त्याला मंदावायची मुभा आहे. मला नव्हती.

“मारा जी, तार लाल झाली!”

तार खरंच लाल झाली होती. आणखी चार पायडल मारले असते तर उजेडही पडला असता. तेवढ्यात शिट्टी. गार्ड म्हणाला, “बारा वर्षांखालचेच बसा. वाचता येते ना?”

“मी तेच सांगून राहिलो होतो यांना,” काका म्हणाले.

बाहेर पडलो, तर हे आमच्या स्कूटरपाशी हजर. “बर्डीपर्यंत सोडून द्या ना.” नातवासकट बसले. आणि पहिल्याच सिग्नलला मागून हात घालून त्यांनी चावी फिरवली.

“बंद ठेवत जा जी. प्रदूषण होते.”