पोर्चचा उतार आणि लाल तेल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल घरी बदलायचे ठरले की लोक आधी पाने-पकडी मोजायला बसतात. मला विचाराल तर आधी पोर्च बघावा. इंदुरात सुदामानगर घ्या की टिळकनगर, घराचा पोर्च रस्त्याकडे उतरताच असतो. फरशी धुतली की पाणी फाटकाबाहेर जावे, एवढीच गवंड्याची दूरदृष्टी. या उतारावर पुढे कोणी सहा गिअरच्या ऑटोमॅटिकची तेलपातळी मोजणार आहे, हे त्याच्या गावीही नसते.

त्यात गाडी पिकअप. हायलक्स असो की व्ही-क्रॉस, लांबी सव्वापाच मीटरच्या वर. म्हणजे बोनेट पोर्चमध्ये, दरवाजे फाटकात आणि हौदा कॉलनीच्या रस्त्यावर. ही गाडी समतल हवी, कारण आजच्या बहुतेक ऑटोमॅटिकना डिपस्टिक, म्हणजे तेलात बुडवून पातळी बघायची पट्टी, नसतेच. पातळी ठरते ती खालच्या एका बारीक भोकातून तेल किती बाहेर येते त्यावर. गाडी तिरकी, तर हिशेबही तिरका. सुदैवाने पिकअपचे पोट उंच असते, जॅक लावावा लागत नाही. दोन चाकांत अंतर साधारण तीन मीटर. साठास एक असा उतार धरला तर मागची बाजू पाच सेंटिमीटर खाली. मागच्या दोन्ही चाकांखाली इंच जाडीच्या दोन-दोन फळ्या घालायच्या, चॅसीच्या लांब पट्टीवर गवंड्याची पाणसळ ठेवायची आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत फळ्या बदलत राहायच्या. हँडब्रेक ओढायचा, चाकांना ठोकळे लावायचे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये, विनोदी लेखातसुद्धा.

आता खाली झोपा. तुम्ही आडवे झालात की कॉलनी उभी राहते. इंदुरात रस्त्याच्या कडेला दोन पाय दिसले की त्या पायांना प्रश्न विचारणे हा नागरिकशास्त्राचा भाग आहे. ‘भिया, लीक हो रिया है क्या?’ हा पहिला. मग एखादे काका मराठीत वाकतात : ‘काय रे, कंपनीत का नाही देत?’ तिसरा काही विचारत नाही, नुसता चहाचा कप घेऊन उभा राहतो. त्याच्यापासून जास्त सावध राहावे. तो शेवटपर्यंत थांबतो.

पहिला नियम कडक आहे : तेल भरायचा प्लग आधी सैल करायचा, काढायचा प्लग नंतर. लोक उलट करतात. जुने तेल डब्यात, आणि भरायचा प्लग वर्षानुवर्षांच्या गंजाने जागचा हलत नाही. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेता येत नाही, टो करूनच न्यावी लागते, आणि चहावाला गृहस्थ हसत नाही, फक्त कप बदलतो.

दुसरी फसगत प्लग ओळखण्याची. तेल काढायचा प्लग वेगळा, पातळी तपासायचा वेगळा. काही गाड्यांत दोन्ही पॅनच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या परातीच्या, तळाशी शेजारी-शेजारी असतात. पातळीच्या भोकात आतून एक उभी नळी असते. तो प्लग उघडला की थोडे तेल येते, मग थेंब, मग काहीच नाही. माणूस समाधानाने म्हणतो, झाले रिकामे, आणि वरून चार लिटर ओततो. फोर बाय फोर असेल तर जवळच ट्रान्सफर केसचेही (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचेही) प्लग असतात. चुकून ते उघडले तर निराळेच तेल येते आणि निराळेच दुःख. मॅन्युअल समोर ठेवून खडूने खुणा कराव्यात. नंतर तेलकट हाताने फोनवर चित्र मोठे करता येत नाही.

तेल कोमट असताना काढावे, उकळते नको. शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो आणि तो कोपराला सोडत नाही. खाली सोयाबीन तेलाचा १५ किलोचा डबा आडवा कापून ठेवावा. माळव्यात घरोघर तो मिळतो आणि त्यात सोळा लिटर मावतात. आडवा कापल्यावर अर्धेच, पण तेवढे पुरतात. आधी एकेक लिटर पाणी ओतून आत खुणा करा आणि डबा कोरडा पुसून घ्या. प्लग बाजूला असेल तर धार सुरुवातीला लांब पडते आणि दाब कमी होईल तशी मागे सरकते, तेव्हा डब्यालाही तिच्याबरोबर सरकावे लागते. रस्त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर लाकडाचा भुसा. स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात डांबरावर लाल डाग सोडणे म्हणजे स्वतःहून पंचनामा करून घेणे.

किती निघाले ते नीट मोजा, कारण तेवढेच परत भरायचे आहे. आणि इथे पहिली निराशा. अशा गिअरबॉक्समध्ये एकूण दहा लिटर तेल धरा. खालून निघते चार. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भांड्यात) आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत बसून राहते. म्हणजे एवढ्या कवायतीनंतर ६० टक्के तेल जुनेच. काही दिवस गाडी चालवून पुन्हा केले की जुने ३६ टक्के, तिसऱ्यांदा २२ टक्क्यांच्या आत. दहा लिटरच्या गिअरबॉक्ससाठी बारा लिटर तेल आणायचे आणि तरी पंचमांशाहून जास्त जुने राहायचे, हे गणित घरच्या माणसांना समजावू नये.

पॅन उघडलाच तर आतली चुंबके बघा. त्यांवर करडे, मऊ, लोण्यासारखे लेपण असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा नखाला टोचणारे तुकडे असतील तर तेल बदलून उपयोग नाही. फिल्टर काढताना जुनी ओ-रिंग (रबरी कडी) वरच्या खोबणीत चिकटून राहते. ती न काढता नवी बसवली की फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि गिअर उशिरा पडतो. पुसायला कॉटन वेस्ट घेऊ नका. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे गिअर बदलायला तेल इकडे-तिकडे वळवणाऱ्या भागातल्या, केसाएवढ्या वाटेत अडकायला पुरेसा आहे. पॅनचे बोल्ट फार हलक्या हाताने, आडवे-तिडवे क्रमाने. आपल्याकडे ‘घट्ट’ म्हणजे पाना वाकेपर्यंत असा समज आहे, पण इथे जोर लावला की गॅस्केट दबून बाहेर येते आणि पॅन गळायला लागतो. ड्रेन प्लगला वॉशर नवाच घाला.

तेल कोणते? डब्यावर ‘एटीएफ’ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) असे लिहिले आणि रंग लाल दिसला म्हणून चालत नाही. रंग गळती ओळखू यावी म्हणून घातलेला असतो, त्यावरून जात कळत नाही. आतल्या क्लचला घर्षण किती आणि कसे हवे हे प्रत्येक कंपनीचे ठरलेले असते. चुकीच्या तेलाने गाडी गिअर बदलताना थरथरते. एके काळी या तेलात देवमाशाचे तेल मिसळत. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना घाम फुटला. दुकानदाराचे ‘सब चलता है भिया’ हे वाक्य मात्र त्या बंदीतूनही सुटले.

भरायचे भोक बहुधा बाजूला, उंचावर आणि हात शिरणार नाही अशा जागी. हातपंप घ्या, किंवा दीड मीटरची पारदर्शक नळी बोनेटमधून खाली सोडून वर नरसाळे लावा. भरल्यावर इंजिन सुरू, पाय ब्रेकवर, आणि पी-आर-एन-डी असे प्रत्येक गिअरवर चार-पाच सेकंद थांबत फिरून परत पी.

खरी परीक्षा यानंतर. पातळी तपासायची ती इंजिन चालू असताना आणि तेल ठरलेल्या तापमानाला असताना. पुष्कळ गाड्यांत हा पट्टा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. दहा लिटर तेल ५० अंशांनी तापले की जवळपास चारशे मिलिलिटर फुगते, म्हणून हा सोवळेपणा. तापमान ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर, दिसते. आता मे महिन्यातली दुपार आठवा : इंदुरात पारा चाळिशीला, डांबर त्याहून गरम, आणि चावी फिरवण्याआधीच तेल पट्ट्याच्या मध्यावर. इंजिन सुरू करून प्लगपर्यंत पोहोचेपर्यंत पट्टा संपलेला. गरम तेलावर पातळी धरली की निवल्यावर ते कमी भरते.

म्हणून हे काम शब-ए-माळव्यात करावे. माळव्याची रात्र थंड, असा लौकिक आहेच. पहाटे चारला सुरू केले तर तेलाला तापायला वेळ लागतो, आणि काकाही झोपलेले असतात. पट्ट्यात येताच पातळीचा प्लग उघडा. धार आली तर बारीक होऊन थेंब-थेंब होईपर्यंत वाट बघा आणि बंद करा. काहीच आले नाही, तर कमी आहे, आणखी भरा. हे सगळे इंजिन बंद न करता. बंद केले की वरचे तेल खाली उतरते आणि पातळी खोटी चढलेली दिसते.

राहिले जुने तेल. ते गटारात ओतले की कान्ह नदीत पोहोचते. कचऱ्याच्या गाडीवरचा घरगुती घातक कचऱ्याचा कप्पाही चार-चार लिटरसाठी नाही. जुने तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्या. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत ‘जुने गिअर ऑइल’ लिहा, आणि कापलेल्या डब्यावरचे सोयाबीनचे लेबल आधी खरवडून काढा.