नाइट ड्यूटी, घाट आणि मधले 24 तास

आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात नुकत्याच रुजू झालेल्या तिघी नर्स मुलींनी परवा नाइट ड्यूटी संपवली, हँडओव्हर दिला, थेट मांडूच्या किल्ल्याचा रस्ता धरला आणि दुपारी रूपमती मंडपातले फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकले. त्यावर कौतुकाचा पाऊस पडला. माझ्या पोटात मात्र ते फोटो पाहून गोळा आला, आणि का आला हे ग्रुपवर दोन ओळींत सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. फिरण्याला माझा विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. गेल्या उन्हाळ्यात, मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, मी एकही रजा न घेता बाबांच्या जुन्या, एसी नसलेल्या मारुतीतून अकरा वेळा इंदूरबाहेर जाऊन आले आहे.

हे कसे जमते, असे अनेकजणी विचारतात. आमची मॉर्निंग ड्यूटी सकाळी आठ ते दुपारी दोन, ईव्हनिंग दोन ते रात्री आठ आणि नाइट रात्री आठ ते सकाळी आठ अशी असते. रोस्टर लागले की सगळ्याजणी आपल्याला नाइट किती आल्या, एवढेच आधी मोजतात. मी मॉर्निंगच्या दुसऱ्या दिवशी ईव्हनिंग कुठे आली आहे, हे शोधते. दुपारी दोनला सुटल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला हजर व्हायचे, म्हणजे मध्ये चक्क 24 तास मिळतात आणि त्यासाठी इनचार्ज सिस्टरपुढे अर्ज घेऊन उभे राहावे लागत नाही. शिवाय हे तास बहुधा आडवारी येतात, त्यामुळे रविवारी जिथे गाडी लावायला जागा नसते, तिथे बुधवारी पहाटे एखादा गुराखी आणि त्याची जनावरे यांच्याखेरीज कोणी भेटत नाही.

मे महिन्यात भटकणे हा शुद्ध वेडेपणा आहे, असे आमच्याकडे सर्वांचेच मत आहे. इंदूरकर माणूस फिरायला निघतो तो पावसाळ्यात, पोहे-जिलेबी बांधून, पातालपाणीच्या धबधब्यावर किंवा चोरलला. हिरवळ सुंदर असते, हे मान्यच आहे. पण याच पातालपाणीला 2011 च्या जुलैत वरून अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली होती, आणि तरीही दर पावसाळ्यात लोक प्रवाहात उतरून सेल्फी काढतात. उन्हाळ्यात तोच धबधबा पूर्ण कोरडा असतो. सुमारे 300 फुटांचा तो काळा कडा तेव्हा उघडा पडतो आणि लाव्हाचे थर एकावर एक कसे बसत गेले, हे दगडातच वाचता येते. झाडांवर पाने नसल्यामुळे समोरच्या डोंगरातून कालाकुंडकडे उतरणारी मीटरगेजची जुनी वाटही स्पष्ट दिसते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून उभ्या राहिलेल्या रेल्वेची ही वाट. पावसाळ्यात यातले काहीही दिसत नाही, दिसते ते फक्त पाणी आणि छत्र्या.

जानापावचा डोंगर तर पहाटेच पाहावा, अशा मताची मी आहे. साडेचारला घर सोडले की महू ओलांडून उजाडायच्या आत माथ्यावर पोहोचता येते. चंबळ इथे उगम पावते आणि यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगराच्या दक्षिण उतारावरचे पाणी मात्र नर्मदेत उतरून अरबी समुद्राकडे जाते. मे महिन्यात उतारांवर पाणी वाहत नसले, तरी तो उतार कुठे वळतो, हे पायांना नीट कळते. माळव्याची पहाट उन्हाळ्यातही गार असते आणि हा गारवा सकाळी आठ-साडेआठपर्यंतच टिकतो, हे ध्यानात ठेवून परतायचे.

या साऱ्यांत मनात राहिली ती नर्मदाकाठची रावेरखेडी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मॉर्निंग संपवून मी घरी आले, जेवले, दीड तास झोपले आणि ऊन उतरल्यावर माझ्याच वॉर्डातल्या कोट्टायमच्या एका सहकारी मैत्रिणीला घेऊन खंडवा रोडला लागले. सिमरोलच्या पुढे भेरूघाट सुरू होतो. नव्या रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या कामांमुळे तिथे धूळ, वळसे आणि ट्रकांच्या रांगा होत्या, त्यामुळे बडवाहला मावशीच्या दारात पोहोचायला रात्र झाली. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर वसलेले आहे. घाट उतरून निमाडात शिरताना त्यातले निम्म्याहून अधिक मीटर खाली सोडावे लागतात आणि हवा अंगाला चटका देऊ लागते. मावशीने दारातच पन्ह्याचे पेले हातात दिले आणि मैत्रिणीला मराठी येत नाही, याची जराही पर्वा न करता तिला अंगणातल्या खाटेवर बसवून सगळ्या नातेवाइकांची माहिती सांगितली.

पहाटे पाचला मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडून सनावद, पुढे मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले बेडिया आणि मग रावेरखेडी. नदीकाठी, भिंतींनी वेढलेल्या आवारात थोरल्या बाजीरावांची दगडी समाधी आहे. 28 एप्रिल 1740 रोजी, वयाची चाळिशीही गाठली नसताना, इथल्या छावणीत तापाने त्यांचा अंत झाला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार त्यांच्याच मोहिमांतून माळव्यात स्थिरावले आणि त्यांच्यामागून आमचे पूर्वज इथे आले. असे असूनही पुण्याला जाऊन शनिवारवाडा चार-चारदा पाहिलेले इंदुरी मराठी लोक तीन तासांवरच्या रावेरखेडीला एकदाही गेलेले नसतात. मीही वयाच्या पस्तिशीपर्यंत गेले नव्हते, तेव्हा हा टोमणा मला स्वतःलाही लागू आहे. सकाळी सातलाच दगड तापू लागला होता. एप्रिल संपताना निमाडात ताप येणे म्हणजे काय, हे त्या आवारात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. साडेसातला आम्ही निघालो, अकराला इंदुरात होतो आणि दोनला दोघीही ड्यूटीवर हजर होतो.

आता त्या पोटातल्या गोळ्याविषयी. मलाही एकदा अशीच हौस आली होती. नाइट संपवून, कडक चहा घेऊन मी महेश्वरला निघाले. सकाळचे सव्वादहा वाजले असतील, मानपूरच्या पुढे रस्ता उतरणीला लागला होता. मला आठवते ते एवढेच, की समोर एक निळा ट्रक दूर दिसत होता आणि पुढच्याच क्षणी तो अगदी जवळ होता. मधला रस्ता मी पाहिलेलाच नव्हता. डोळे उघडे होते की मिटले, हेही मला सांगता येत नाही. मागच्या गाडीच्या हॉर्नने मी भानावर आले, गाडी कडेला घेतली आणि हातांची थरथर थांबेपर्यंत बसून राहिले. महेश्वर त्या दिवशी राहून गेले.

आदल्या दिवशी मी दुपारी बाराला उठले होते, म्हणजे त्या क्षणी सलग 22 तास जागी होते. सलग 17 ते 19 तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे संशोधनातून दिसून आले आहे. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. दारू पिऊन कोणी घाट उतरला तर आपण त्याला बेजबाबदार म्हणतो, आणि नाइट करून उतरला तर त्याला हार्ट पाठवतो. चहाने किंवा मोठ्या आवाजातल्या गाण्यांनी झोप जात नाही, ती फक्त लपते. आणि ज्या मुली इंजेक्शनचा डोस दोनदा तपासल्याशिवाय देत नाहीत, घाटातून आलेले अपघाताचे रुग्ण ज्या स्वतःच्या हातांनी सांभाळतात, त्यांनी हे ओळखू नये, याचे मला राहूनराहून नवल वाटते.

उन्हाबद्दल त्या मानाने थोडेच सांगायचे आहे, कारण उन्हाला सगळेच भितात. आम्ही अकरा ते चार या वेळेत रस्त्यावर राहत नाही, पाण्यात ओआरएस घेतो, आणि आई खिशात कांदा ठेवते तो मी मुकाट्याने ठेवून घेते. त्याने अपाय तर काही होत नाही. सोबतची व्यक्ती तापून असंबद्ध बोलू लागली तर मात्र तो साधा थकवा समजू नये. तिला सावलीत न्यावे, कपडे ओले करून वारा घालावा आणि तसेच गार करत करत दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

त्या निळ्या ट्रकानंतर आमच्या घरी एक व्यवस्था लागली आहे. नाइटच्या दिवसांत गाडीची किल्ली आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली असते. मागच्याच महिन्यात, नाइट करून आलेली असताना, मांडूच्या गोरखचिंचा पाने फुटण्याआधी पाहायच्या म्हणून मी सकाळी नऊला ती मागितली. आई म्हणाली, "आधी झोप. झाडं कुठे जात नाहीत." उठले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मांडू आता पुढच्या मंगळवारी, मॉर्निंगनंतर. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत आणि त्या तिघींपैकी ज्यांची त्या रात्री झोप झालेली असेल, त्यांनी खुशाल यावे.