मध्ययुगीन राजांची टर उडवताना घ्यावयाची काळजी

मध्ययुगीन इंग्लंडच्या राजांवर व्यंगचित्रे काढायला बसला आहात? मग इतिहास मुळीच वाचू नका. त्या मंडळींनी स्वतःच इतके करून ठेवले आहे की तुम्हाला कामच उरणार नाही. नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणारा विल्यम द कॉन्करर १०८७ मध्ये वारला. दफनाच्या वेळी दगडी पेटी लहान पडली, लोक देह रेटून बसवायला गेले आणि तो फुटला, असे तेव्हाचा इतिहासकार लिहून गेला आहे. यावर तुम्ही आणखी काय विनोद करणार? त्यापेक्षा नाक मोठे काढा.

पोशाखाची चिंता नको. विल्यमने इंग्लंड जिंकले त्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत सगळ्यांना नखशिखांत पोलादी पत्र्यात कोंबा. त्या काळी अंगात गुडघ्यापर्यंतचे कड्यांचे चिलखत आणि डोक्यावर नाकापुढे पट्टी आलेले निमुळते शिरस्त्राण असे. पूर्ण पत्र्याचे चिलखत यायला अजून तीनशेहून अधिक वर्षे होती. पण एवढ्या कड्या काढणार कोण? राणीला उंच शंकूसारखी टोपी द्या, ती पंधराव्या शतकातली असली तरी. मेजवानीत राजाच्या हाती टर्कीची तंगडी हवीच. हा पक्षी अमेरिकेतला आणि कोलंबस अजून निघायचा होता, पण पक्ष्याने थोडी घाई केली असे समजू.

आता एखाद्या नॉर्मन सरदाराच्या काखेत छत्री द्या. ही युक्ती जुनी आणि हमखास, फक्त तिला एक अट आहे: बाकीचे चित्र बिनचूक हवे. ढाल, खोगीर, शिरस्त्राण जागच्या जागी असेल तर छत्री पाहून हसू फुटते. तेही चुकले असेल तर छत्रीसुद्धा नजरचुकीने आली असावी, असे वाचक समजतो. म्हणून अट तेवढी विसरा.

चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरणार असाल तर ते उलटे काढायचे असते. नाही काढले तर छापल्यावर अख्खे सैन्य डावखुरे होते. विचारलेच कोणी, तर प्रतीक आहे म्हणा.

रनीमीड, १५ जून १२१५. जॉन राजाच्या हाती पीस द्या आणि त्याला घामाघूम होऊन राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेवर सही करू द्या. सनदेवर सही नव्हतीच, मेणाची मोहोर होती. पण वितळत्या मेणाकडे पाहत ताटकळलेला राजा काढायला निरीक्षण लागते.

राहता राहिला कॅन्यूट राजा, समुद्राच्या लाटांना मागे फिरण्याचा हुकूम सोडणारा. त्याला मूर्खच काढा. शंभरेक वर्षांनी हंटिंग्डनच्या हेन्री या इतिहासकाराने ही गोष्ट लिहिली, तीत राजाने मुद्दाम पाय भिजवून घेतले आणि राजाची सत्ता किती पोकळ असते ते सांगितले. पुढे तीच गोष्ट भाटांना दिलेली चपराक म्हणून सांगितली गेली. म्हणजे टर उडवायची ती दरबाऱ्यांची. ते मात्र टाळाच. दहा चेहरे, प्रत्येकाची लाचारी वेगळी, मेहनत फार. शिवाय कॅन्यूट १०३५ मध्येच गेला, त्याच्या बाजूने तक्रार करायला कोणी येत नाही. दरबाऱ्यांचे तसे नसते.